बधिर ओठांनी शिकलेली पश्तो

मंगळवार, २० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

मागच्या पत्रातलं एक विधान मागे घेते. बाबा त्यांच्या दातांच्या डॉक्टरांशी लग्न करणार नाहीत. डॉक्टरबाईंना नवरा आहे, तो चांगला उंच आहे आणि त्याने स्वतः मला चहा करून दिला.

ही दुरुस्ती उशिरा करते आहे त्याचं कारण तूच. घर सोडून गेल्यापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून मी पत्रं लिहिते. नोकरी लागली, लिहिलं. कांजिण्या झाल्या, लिहिलं. तुझ्या कपाटाचं दार निखळलं, तेही लिहिलं. तुझ्याकडून एक ओळ नाही. आणि ही एक धादांत चुकीची बातमी कळवली, तर उलट टपाली उत्तर: 'कोण बाई? तुझे साक्षीदार कोण?' खाली सहीसुद्धा नाही. अक्षरावरून रागावलेली दिसलीस. मला इतका आनंद झाला की चूक सुधारायचा धीर होईना. वाटलं, लग्न मोडलं की तू पुन्हा गप्प.

पण दिवसभर कचेरीत बसून दुसऱ्यांच्या मुद्रितांतल्या चुका लाल शाईने पकडायच्या आणि आपली मात्र टपालात सुखरूप ठेवायची, हे काही बरं नव्हे. म्हणून आता सगळं सांगते.

साक्षीदार तीन होते. आई गेल्यावर मला शाळेत न घालता तू आणि बाबांनी जेवणाच्या टेबलावर शिकवलंत आणि माझं लाडाचं नाव तळटीप ठेवलंत. तिथेच तू सांगितलंस की शब्दाचं जुनं रूप मांडायचं तर तीन भाषांची साक्ष हवी. एकीची साक्ष म्हणजे गप्पा आणि दोघींची म्हणजे योगायोग. मला जगाकडे बघायची ही एकच रीत येते. दूध नासलंय हेसुद्धा मी तीन पुराव्यांशिवाय बोलत नाही.

तर पहिला साक्षीदार: ज्या बाबांनी वर्षानुवर्षं दातांच्या डॉक्टरचं तोंड पाहिलं नव्हतं, ते उन्हाळ्यापासून दर बुधवारी जातात. दुसरा: जाताना इस्त्रीचा निळा शर्ट आणि पाण्याने बसवलेला भांग. तिसरा: न्हाणीघराच्या बंद दारामागून त्यांचा आवाज, 'माझ्याकडे ये. मी तुझ्याकडे येतो. ती त्याच्याकडे जाते.' पुन्हा पुन्हा, मधे मधे गुळण्या. आता तू सांग, तुझं काय मत झालं असतं?

शनिवारी मी बाईंना बघायला गेले. खोटं कारण सांगायला नको म्हणून आधी घरी एकेक दाढ दाबून पाहिली. एक थोडी दुखत होती.

खुर्चीत आडवी झाले तर त्या म्हणाल्या, "तुम्ही झोपेत दात खाता."

"कोणावर?" मी विचारलं.

"ते तुम्हाला माहीत. काळजी फार करत असाल."

मी तोंडातला आरसा बाजूला करून म्हटलं, "माझे वडील तुमच्याकडे येतात. दर बुधवारी."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. मी मनात चौथा साक्षीदार मांडला.

"म्हणजे ते रा-दर-वर आजोबा?" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की हातातलं अवजार खाली ठेवावं लागलं. मग नवऱ्याला आतून बोलावलं, "अरे, आजोबांची मुलगी आलीय, चहा टाक."

आत्या, त्या बाईंची मातृभाषा पश्तो आहे. बाबांनी रस्त्यावरून पाटीवरचं आडनाव वाचलं आणि सरळ जिना चढून वर गेले. "म्हणाले, मला तुमची भाषा शिकवा," त्या सांगत होत्या. "मी म्हटलं, आजोबा, हा दवाखाना आहे, बाहेर माणसं खोळंबलीत. तर म्हणाले, मग दात बघा. बघितले. इतकं काम तुंबलेलं निघालं की सबंध व्याकरण होऊन वर उरेल."

इंजेक्शन दिल्यावर जबडा बधिर व्हायला जो वेळ लागतो, तेवढी शिकवणी. त्या एक वाक्य पश्तोत आणि मग मराठीत बोलतात, बाबा दोन्ही म्हणतात. मग तोंड उघडून 'आ'.

माझे तिन्ही साक्षीदार एकाच घरचे निघाले. बाबा तुमच्या पुस्तकातलं तुझं पश्तोचं प्रकरण शिकत आहेत.

तुझी,
तळटीप


गुरुवार, २९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

आधी एक बारीक दुरुस्ती. शर्ट निळा लिहिला होता. मी काल उजेडात धरून पाहिला, तो राखाडी आहे.

तुझं उत्तर आलं नाही, पण मी लिहायचं थांबवणार नाही. उलट आता तुला लिहिण्यात माझं कामही आहे. संपादकांनी मला पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर करायला सांगितला. तुझं नि बाबांचं ते अडलेलं पुस्तक बासनातून बाहेर निघालं आहे, हे तुला माहीत आहेच, कारण त्यांचं पत्र तुलाही गेलं. मजकूर खाली देते. चुकला असेल तर खोड.

'बोट दाखवताना माणूस काय म्हणतो? तुर्की कुळातल्या कितीतरी भाषा यासाठी लहानसे शब्द वापरतात: जवळच्यासाठी बु, लांबच्यासाठी ओ किंवा ओल. त्यांतल्या एकीने तिसराही घडवला, शु. समोरच्याचं अजून लक्षच गेलेलं नाही अशा वस्तूसाठी. हा शु जुन्या "उश ओल"चा, म्हणजे "हे बघ, तो"चा झिजून उरलेला तुकडा असावा, असं पहिल्या सहा प्रकरणांत भाऊ मांडतो. सातव्या प्रकरणात बहीण पश्तोकडे वळते. तिथे तलल म्हणजे जाणे आणि रातलल म्हणजे येणे. पुढे लागलेला रा म्हणजे "माझ्याकडे". तुझ्याकडे असेल तर दर, त्याच्याकडे असेल तर वर. हे तिन्ही तुकडे क्रियापदाला नंतर चिकटले. मुळात तेही बोट दाखवणारे सुटे शब्दच होते, असं बहिणीचं म्हणणं आहे.'

संपादकांनी वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण असं कोण घेईल विकत? भावा-बहिणीचं भांडण घाला, खपेल."

मी म्हटलं, "ते पुस्तकात नाही."

"पानोपानी आहे," ते म्हणाले.

आमची खोली छापखान्याच्या वर आहे. खाली यंत्र सुरू झालं की कपातल्या चहावर बारीक लाटा उठतात आणि संपादक काय बोलतात ते ओठांवरून ओळखावं लागतं. पण पुढचं वाक्य त्यांनी यंत्र थांबल्यावर म्हटलं. त्यांच्या पत्राला तुझं उत्तर आलंय: सातवं प्रकरण काढून टाका. पुस्तक आमच्या प्रकाशन मंडळापुढे यायचं आहे शनिवारी, २१ नोव्हेंबरला. आमच्याकडे नियम असा की बैठकीत ज्या प्रकरणासाठी कोणी उभं राहून उत्तरं देत नाही, ते छापायचं नाही. आणि उत्तरं देणारा कोणी असला तरी लेखकाची संमती लागतेच. तुझ्या लेखी संमतीशिवाय बाबांनी कितीही पश्तो पाठ केली तरी सातवं प्रकरण जाणार.

हे घरी जाऊन सांगितलं. काल बुधवार होता. बाबा नुकतेच दवाखान्यातून आले होते, डावा गाल सुजलेला, चहा हनुवटीवरून ओघळत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. मी रुमाल दिला.

"तुम्ही सातव्या प्रकरणासाठी पश्तो शिकताय," मी म्हटलं.

"कोणी हांगितलं?"

"डॉक्टरांनी."

"बाई भारीच बोलकी आहे," ते म्हणाले. मग, "ताईला कळवू नकोस."

मी म्हटलं, "कळवलं. आधी चुकीचं कळवलं होतं. ते दुरुस्त करायचं तर खरं कळवावंच लागलं."

"चुकीचं म्हणजे काय कळवलं होतंस?"

सांगितलं. त्यांनी रुमालाने हनुवटी पुन्हा पुसली. मग म्हणाले, "तुला घरी शिकवायलाच नको होतं."

रागावले असं समजू नकोस. उजव्या बाजूने हसत होते. डावी अजून परत आली नव्हती.

खरी अडचण पुढे आहे आणि ती फक्त आपल्याच घरात उद्भवू शकते. बाबांनी प्रत्येक वाक्य बधिर तोंडाने पाठ केलंय. त्यामुळे जबडा ठीक असतानाही त्यांची पश्तो एकाच बाजूने बाहेर पडते. 'मी जातो' म्हणजे ज़म, त्यातला ज आपल्या 'जातो'मधल्यासारखाच, तो त्यांना छान जमतो. बाकी सगळं जिभेखाली कापूस ठेवल्यासारखं. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं, हे सुधारेल का. त्या म्हणाल्या, "माझी चूक झाली. सुरुवातीला वाटलं, आजोबांची बोलण्याची तऱ्हाच तशी असेल."

तुझी,
तळटीप


शनिवार, ७ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं. पाकिटावर माझं नाव आणि आत बाबांसाठी प्रश्न. 'त्याला म्हणावं, तीन वर्षांपूर्वी ज्याचं उत्तर दिलं नाही ते आता देता येतं का? नकार कुठे बसतो?' एवढंच. मी वाचून दाखवलं, तर बाबा जेवता जेवता उठले आणि खोलीत येरझाऱ्या घालायला लागले.

"विचारलं तिने? हेच विचारलं?"

"हेच. म्हणजे काय पण?"

"म्हणजे असं बघ. रा जर क्रियापदाचाच हाडामांसाचा भाग असेल, तर 'आला नाही' म्हणताना नकार त्याच्या अलीकडे नाही तर पलीकडे बसेल. मधे घुसायला फट कशी मिळेल? पण राघै म्हणजे आला, आणि नकार त्याच्या मधेच घुसतो. रा, मग न, मग घै. रा-न-घै. आला नाही. फट आहे, म्हणजे तिथे दोन सुटे शब्द होते. ताईने हे लिहून ठेवलंय, चौथ्या परिच्छेदात."

"मग तुम्हाला तेव्हा का नाही सांगता आलं?"

"मी ते प्रकरण वाचलं होतं गं. ऐकलं नव्हतं कधी. वाचलेल्यावर किती भरवसा ठेवायचा?"

आता त्यांनी ते ऐकलंय. मागच्या बुधवारी डॉक्टरबाईंनी त्यांच्या आईला फोन लावला आणि तो बाबांच्या कानाला लावून ठेवला. आईंना कोणीतरी ऐकणारं हवंच होतं. जावयाने रविवारी जेवायला यायचं कबूल केलं आणि आला नाही, या विषयावर त्या भरभरून बोलल्या. रा-न-घै, रा-न-घै. बाबा बोटांवर मोजत होते. डॉक्टरांचा उंच नवरा दारात उभा होता, त्याला पश्तो समजत नाही, पण आपल्याबद्दल चाललंय हे समजलं. म्हणाला, "आजोबा, माझ्या बाजूनेही एखादं वाक्य लिहून घ्या."

आता जे लिहिते ते लिहावं की नाही, याचा मी फार विचार केला. बाबांना विचारलं, "हे आत्याला कळवू?" ते म्हणाले, "तू कळवणारच." याला परवानगी म्हणायचं का, मला ठरवता येत नाही. मी ती अर्धी परवानगी धरते.

तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी मंडळाच्या बैठकीत पाहुण्या परीक्षकाने याच जागेवर बोट ठेवलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "तो भाग माझ्या बहिणीचा. त्याची जबाबदारी माझी नाही." पुस्तकात पहिल्या पानापासून तुम्ही दोघं 'आम्ही' म्हणता, आणि तू दुसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होतीस. मी तुझ्या शेजारी होते. तू पर्स बंद केलीस, तो आवाज मला अजून आठवतो. आठवडाभरात तू दुसऱ्या गावात खोली घेतलीस. मी इतके दिवस समजत होते की बाबांना तुझं म्हणणं पटलं नव्हतं. तुझाही तोच समज असणार.

काल ते भांडी पुसत होते आणि मी लावत होते. अचानक म्हणाले, "ताई मला लहानपणी पाढे विचारायची. चुकलो की काही बोलायची नाही, नुसती बघायची. त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं आणि ती समोर बसली होती. येत नाही असं तिच्यासमोर म्हणवेना. म्हणून म्हणालो, माझं नाहीच."

"एवढंच?"

"एवढंच. मग घरी आलो तर ती बॅग भरत होती."

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? की मी साठीला आलो तरी तुझ्या बघण्याला घाबरतो?" त्यांनी तेच ताट पुन्हा पुसलं. "आधी उत्तर शिकतो म्हटलं. मग सांगेन."

आत्या, त्यांनी तीन वर्षं व्याकरणाची पुस्तकं वाचली, पण पुस्तकावर त्यांचा भरवसा नाही. म्हणून दात.

तुझी,
तळटीप


रविवार, १५ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझं उत्तर काल मिळालं. यावेळी सही आहे, ती मी दोनदा बघितली. 'हे त्याने मला सांगायला हवं. तुझ्या अक्षरात नको. बैठकीला मी येणार नाही. चार अनोळखी माणसांसमोर त्याने मला जोडून घ्यावं अशी माझी इच्छा नाही. आणि प्रकरण काढा म्हणजे काढा.'

हे मी बाबांना संपूर्ण वाचून दाखवलं. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. ते म्हणाले, "बरोबर आहे तिचं."

"मग फोन करा."

"उचलत नाही ती."

"पत्र लिहा."

"माझं अक्षर तिला वाचता येत नाही. लहानपणापासून म्हणते, मुंगीचे पाय." मग, "शनिवारी बैठकीत सगळ्यांसमोर सांगतो की. छापून येईल, वाचेल ती."

इथे मी आवाज चढवला. मला सवय नाही, त्यामुळे मधेच खोकला आला. म्हटलं, "बाबा, सगळ्यांसमोर सांगायचं ते शनिवारी. पण तिने विचारलंय ते तिला सांगायचंय. ते आधी."

"मग बोलाव तिला."

"ती का येईल? गेली ती. तुम्ही जायचं."

बाबा पडद्याची दोरी गुंडाळत बसले. कठीण प्रश्न आला की ते कशाची तरी दोरी गुंडाळतात, तुला माहीत आहे. दोरी संपल्यावर म्हणाले, "तिने दार नाही उघडलं तर?"

"तर आपण जिन्यात बसू. मी डबा घेईन."

"आधी तिला विचारून तरी घे."

"विचारलं तर नाही म्हणेल. मी विचारत नाही, कळवते. न कळवता गेलो तर तो हल्ला होईल, आणि विचारून गेलो तर जाणंच होणार नाही."

"हे कोणी शिकवलं तुला?"

"तुम्ही दोघांनी. कोणी काय शिकवलं ते वेगळं काढता येणार नाही आता."

यावर त्यांना हसू फुटलं, यावेळी दोन्ही बाजूंनी. बुधवारची दवाखान्याची वेळ मी रद्द केली आहे. डॉक्टर म्हणाल्या, शेवटची दाढ आठवडाभर थांबू शकते, आणि त्यांच्या आईंनी विचारलंय की ते आजोबा बहिणीकडे गेले की नाही. बाबांनी तुझ्यासमोर बोलावं ते पुऱ्या तोंडाने. पश्तो तरीही उजवीकडूनच येईल. त्याबद्दल मी आगाऊ माफी मागते. तू हसलीस तर ते चिडणार नाहीत, असं त्यांनी कबूल केलंय. नुसती बघत राहिलीस तर काय होईल ते मला माहीत नाही. त्यांनाही नाही.

संपादकांना मी खरं तेच सांगितलं: सातव्या प्रकरणाचं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगते. छापायचं की काढायचं हे तूच ठरव, आणि जे ठरवशील ते मी शब्दाचा फेरफार न करता त्यांना सांगेन, मला ते आवडलं नाही तरी. दुसरी मुद्रितं दोन प्रतींत बरोबर आणते. तुझ्या प्रकरणात मला एक चूक सापडली आहे, तळटिपेत, पानाचा आकडा. ती मी तुला न विचारता दुरुस्त केलेली नाही.

तुझ्या गावात उतरल्यावर कुठल्या बाजूने बाहेर पडायचं, ते मी नकाशावर बघितलं आहे. बाबांचा विश्वास नाही, म्हणून आम्ही वाटेत विचारूही. घरी काही करून ठेवू नकोस. दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस, पण बाहेर जाऊ नकोस, एवढी एकच विनंती. बंद दारातूनही ते बोलतील. न्हाणीघरात सराव झालेलाच आहे.

बाबा मागून विचारताहेत की कुठला शर्ट घालू. मी सांगितलं, तो राखाडी. आम्ही येतो. पहाटेच्या नाही, त्यानंतरच्या गाडीने, गुरुवारी, १९ नोव्हेंबरला.